मामांविषयी काटेकोरांचं मत

सर्वेक्षणवाली मुलगी दारात उभी राहिली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि काटेकोर वर्तमानपत्राच्या अग्रलेखातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करत बसले होते. काटेकोर हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढल्यावर लोकांनी ते त्यांना बहाल केलं होतं. कौतुकाने केलं की चिडून, याचा निवाडा काटेकोरांनी स्वतःच केला होता आणि तो आपल्या बाजूने दिला होता. रिकाम्या पारड्यांचा काटा केसभर कलला तरी तराजू जप्त करणारा माणूस. निवृत्तीनंतर जप्त करायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी मोर्चा देशाच्या कारभाराकडे वळवला होता.

मुलीच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि हातात पुठ्ठ्याला चिमट्याने अडकवलेले कागद. पहिले सहा प्रश्न पाणी, वीज, रस्ते असे फुटकळ निघाले. काटेकोरांनी ते उभ्या उभ्या संपवले.

"सातवा आणि शेवटचा," मुलगी म्हणाली. "आपल्या राज्याचे नेते मामा यांनी पक्षाचं राष्ट्रीय अध्यक्षपद स्वीकारावं असं तुम्हाला वाटतं का? हो, नाही, सांगता येत नाही."

मामांना अख्खं राज्य मामाच म्हणायचं. त्यांचे विरोधकसुद्धा भाषणात "या मामाने राज्याचं वाटोळं केलं" असं म्हणत. राजधानीत पक्षाची मुख्य खुर्ची रिकामी झाली होती. ती मामांना झेपेल का, यावर गेले दोन महिने प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात आणि प्रत्येक दवाखान्याच्या बाकावर मतं फुटत होती. काटेकोरांना मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं. एवढा विचार करून ठेवलेला माणूस गावात असताना लोक न्हाव्याला विचारतात, हे शल्य त्यांना होतंच.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा पुसला आणि खुर्ची पुढे सरकवली.

"बस पोरी. याचं उत्तर उभ्याने द्यायचं नाही."

चाळीस मिनिटं ते बोलले. मामांच्या जमेच्या बाजू, तुटीच्या बाजू, मामा राज्यात का टिकले, राजधानीत काय होईल, काय होऊ नये आणि ते होऊ नये म्हणून काय व्हावं, असे तेवीस मुद्दे झाले. मुलगी दोन पेले पाणी प्यायली. मधे एकदा तिने दाराकडे पाहिलं, पण ते काटेकोरांनी एकाग्रतेचं लक्षण मानलं. बोलणं संपल्यावर तिने "थँक यू काका" म्हणत कागदावर एक खूण केली आणि ती जी उठली ती थेट जिन्याला लागली.

आता समोरच्याचा कागद उलटा वाचणं ही काटेकोरांची जुनी कमाई. एकतीस वर्षं दुकानदारांच्या नोंदवह्या त्यांनी टेबलाच्या पलीकडूनच वाचल्या होत्या. त्यांनी वाचलं, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खूण तिसऱ्या रकान्यात होती. "सांगता येत नाही."

ते अनवाणी जिन्यात धावले.

"ओ बाई! थांबा! मला सांगता येतं! मला सगळं सांगता येतं!"

मुलगी केव्हाच रस्त्यावर पोचली होती. पण चारही मजल्यांवरची दारं उघडली. "मला सगळं सांगता येतं" हे वाक्य बंद दारातून ऐकलं तर कोणालाही धाकधूक वाटावी असंच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचा चेहरा तर खाडकन उतरला. हे आपल्याबद्दल नसून मामांबद्दल आहे हे कळल्यावर त्यांनीच सगळ्यांत जोरात सहानुभूती दाखवली.

खालच्या मजल्यावरचे विमावाले वर आले. विम्याच्या धंद्यात सगळं आयुष्य गेल्यामुळे जगातलं प्रत्येक दुःख अर्ज भरून मिटतं, अशी त्यांची श्रद्धा होती. "साहेब, नावात चूक झाली तर दुरुस्ती होते, जन्मतारखेत होते, मग मतात का नाही होणार? जाऊन भांडा!" वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "लेखी द्या. आणि परिच्छेद पाडून द्या, तुम्ही पाडत नाही."

बायको मात्र आतूनच म्हणाली, "अहो, चाळीस मिनिटं बोललात ना? मग त्या पोरीने बरोबरच लिहिलं की."

काटेकोरांनी त्याच क्षणी बूट चढवले.

सर्वेक्षणाचं कार्यालय गाद्यांच्या दुकानाच्या वर होतं. आत दहा-बारा माणसं संगणकासमोर बसली होती आणि काचेच्या खोलीत एक तरुण प्रमुख. त्यांनी काटेकोरांना बसायला सांगितलं, प्यायला पाणी दिलं आणि विचारलं, "क्रमांक?"

"चारशे बारा. कागदाच्या कोपऱ्यात होता. वाचला मी."

प्रमुखांनी घाईघाईने काचेचं दार लावून घेतलं. "अहो, चारशे बारा कोण आहे हे कोणाला कळता कामा नये!"

"मी आहे."

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"मग दुरुस्ती कोणाच्या मतात करणार?"

"चारशे बाराच्या."

"तोच मी!"

"ते सिद्ध करावं लागेल."

"हे घ्या ओळखपत्र."

प्रमुखांनी डोळ्यांवर हात ठेवला. "ते मला बघता येणार नाही. उत्तर देणाऱ्याची ओळख गोपनीय असते."

काटेकोरांनी आयुष्यात खोट्या वजनांत शिसं भरणारे पाहिले होते, पारड्याखाली चिंच चिकटवणारे पाहिले होते. पण सभ्य भाषेत, पाणी पाजून माणसाला असं नाहीसं करणारा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. ते तीन वेळा तिथे गेले. तिसऱ्या खेपेला, केवळ त्यांचा आवाज खाली गाद्यांच्या दुकानातली गिऱ्हाईकं पळवू लागला म्हणून, एक अर्ज बाहेर आला. त्यावर दोन साक्षीदार हवे होते. अर्जदाराचं मत खरोखर हेच आहे असं त्यांनी लिहून द्यायचं. विमावाल्यांनी न वाचता सही केली. मुख्याध्यापिकाबाईंनी आधी अर्जातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका सुधारल्या, मग केली.

अर्ज संगणकावरच्या माणसाकडे गेला. त्याने मान वर न करता विचारलं, "हो की नाही?"

"हो, पण..."

"पणला रकाना नाही."

"मग करा."

"मला करता येत नाही, वरून येतं." त्याने कीबोर्डवर बोटं धरली. "साहेब, तुमचा तो पण किरकोळ आहे की गंभीर?"

"अत्यंत गंभीर!" काटेकोर गरजले.

"मग नाहीमध्ये टाकतो," म्हणत त्याने कळ दाबली.

काटेकोर केवढ्याने ओरडले, पण संगणकाने ते घेतलं नाही. एकदा दुरुस्त केलेलं मत महिनाभर पुन्हा दुरुस्त होत नाही, असा नियम निघाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. निदान "सांगता येत नाही" यात अज्ञान तरी होतं. आता सरळ सरळ खोटंच त्यांच्या नावावर जमा झालं होतं.

रविवारच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर निकाल आला. हो म्हणणारे चारशे एक. नाही म्हणणारे चारशे दोन. वर मथळा, "मामांना घरच्या अंगणातूनच नकार!"

मतं गोपनीय होती, पण काटेकोर नव्हते. गेले पंधरा दिवस आपल्या मताचं काय झालं हे त्यांनी दूधवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं, दंतवैद्याला तर तोंडात आरसा असताना. त्यामुळे तो एक जास्तीचा नकार कोणाचा, हे संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक झालं.

सोमवारी सकाळी इमारतीसमोर दोन जीपगाड्या थांबल्या. आठ धिप्पाड माणसं उतरली. सगळे शेजारी गॅलरीत उभे राहिले, अगदी नाटकाची तिकिटं काढल्यासारखे. विमावाले मागच्या जिन्याने वर येऊन काटेकोरांच्या कानाशी लागले, "साहेब, अजून वेळ गेलेली नाही. अपघाताची एक छान योजना आहे. सही तेवढी करा."

पण आठांमधला पुढचा माणूस दारात येऊन हात जोडून उभा राहिला. "साहेब, मामांनी आठवण काढलीय. चहाला या."

बायकोने त्यांच्या खिशात रक्तदाबाची गोळी टाकली आणि इतकंच म्हणाली, "थोडक्यात बोला हो."

मामांच्या घरी बाहेरच्या दालनात पन्नासेक माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात हार किंवा अर्ज. काटेकोरांच्या हातात काहीच नसल्यामुळे सगळे त्यांच्याकडे संशयाने बघत होते. आत मामा गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसले होते. माणूस दिसायला आडवा, आवाज मात्र मऊ.

"तुम्हीच ते नाही म्हणणारे?"

"मी हो पण म्हणणारा," काटेकोर ताठ उभे राहून म्हणाले. "नाही हे त्यांनी माझ्या तोंडात कोंबलंय. मी लेखी निषेध नोंदवलाय."

मामांनी हात हलवून बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. "दोन महिने मला सगळे जा, जा म्हणतायत," ते म्हणाले. "जा म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना माझी इथली खुर्ची हवीय. तुमचा पण काय आहे तो सांगा. सगळा सांगा."

सगळा सांगा! हे दोन शब्द ऐकायला काटेकोर साठ वर्षं थांबले होते. ते बसले आणि त्यांनी तेवीसच्या तेवीस मुद्दे सांगितले. मुख्य गोष्ट त्यांनी आपल्या खात्याच्या भाषेत मांडली. ट्रक तोलायचा वजनकाटा आपल्या जागी कितीही अचूक असो, तो उचलून दुसरीकडे नेला की आधी खालची जमीन सपाट करावी लागते, मग नव्याने पडताळणी, मग शिक्का. शिक्क्याआधी वजनं करायला घेतली तर काटा चांगला असूनही माप खोटं येतं. "तुम्ही जा मामा. पण वर्षभर तिथे साधे सदस्य म्हणून बसा. कोण काय बोलतो आणि त्याचा अर्थ काय होतो ते शिका. आणि जायच्या आधी इथे तुमच्या जागी कोण, हे जाहीर करा. मग ती खुर्ची घ्या. आज घेतलीत तर सहा महिन्यांत परत याल."

 टबातलं पाणी गार झालं तरी मामांनी पाय काढले नाहीत. शेवटी म्हणाले, "खरं सांगू का? तिथे सगळे माझ्याशी हसून बोलतात. त्याची मला भीती वाटते. इथे मला शिव्या देणारा माणूससुद्धा ओळखीचा असतो."

काटेकोरांनी चष्मा काढून पुसला. मामांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुम्ही माझे डोळे उघडलेत."

जीपने काटेकोरांना घरी आणून सोडलं. जिन्यात विमावाल्यांनी "काय म्हणाले मामा?" असं विचारलं, तर त्यांनी नुसतं स्मित केलं. एवढं समाधान त्यांच्या तोंडावर बायकोने लग्नातही पाहिलं नव्हतं, असं ती पुढे म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी अध्यक्षपद स्वीकारलं.

टीव्हीवर मोठी सभा दाखवत होते. मामा रुमालाने डोळे टिपत बोलत होते, "काल माझ्या दारात एक निवृत्त निरीक्षक आले. ज्यांनी जन्मभर खोटी वजनं पकडली, असा माणूस. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, तुम्ही जा मामा! त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी कोण नाही म्हणणारा?"

"पण!" काटेकोर टीव्हीसमोर उभं राहून ओरडले. "पुढचं सांग! पण सांग पुढचं!"

टाळ्यांच्या कडकडाटात सभा संपली. मामा काही काटेकोरांचे नात्याने कोणी लागत नव्हते, पण त्या दिवशी काटेकोरांचा मात्र पुरता मामा झाला. आठवडाभरात चौकात फलक लागला. डावीकडे मामा, उजवीकडे काटेकोर (फोटो कुठून मिळवला देव जाणे, खात्याच्या निरोप समारंभातला होता, त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते) आणि मधे तराजूचं चित्र. खाली लिहिलं होतं, "तपासून घेतलेला नेता!" तराजूची दोन्ही पारडी एका पातळीत नव्हती. यावर काटेकोर दोन रात्री झोपले नाहीत.

पंधराव्या दिवशी त्यांच्या जुन्या खात्याचा लिफाफा आला. काटेकोरांना वाटलं, निदान खात्याने तरी दखल घेतली. घेतली होती. "आपण सेवानिवृत्त असतानाही, कोणताही अधिकार नसताना, एका व्यक्तीस प्रमाणित केल्याचे निदर्शनास आले आहे. तरी सात दिवसांत खुलासा करावा." खाली ज्याची सही होती त्याला तराजू कसा धरायचा हे काटेकोरांनीच शिकवलं होतं. त्यांनी अकरा पानांचा खुलासा पाठवला. खात्याने पोच दिली नाही, पण खुलासा फार लांब असल्याचं कळवलं.

पुढे जे झालं ते काटेकोरांनी सांगितल्याबरहुकूम झालं, आणि त्याचं श्रेय त्यांना कोणीही दिलं नाही. राजधानीत मामांशी सगळे हसून बोलले आणि हसत हसतच त्यांनी मामांना कोपऱ्यात नेलं. इकडे मामांच्या जागेसाठी तिघं आपसांत भांडले आणि राज्याचा कारभार जिथल्या तिथे राहिला. काटेकोरांच्या गल्लीचा रस्ता नवीन करायला मामांनीच खणायला लावला होता, तो तसाच खणलेला राहिला. पाच महिने लोक फळीवरून घरी जात होते. सहाव्या महिन्यात मामा राजीनामा देऊन परत आले आणि स्टेशनवरच पत्रकारांना म्हणाले, "मला चुकीचा सल्ला मिळाला. एका निरीक्षकावर मी विश्वास ठेवला."

संध्याकाळी सहा वाजता काटेकोरांच्या दारात इमारत जमली. चिखलाने भरलेल्या चपला सगळ्यांनी मुद्दाम हातात आणल्या होत्या.

"साहेब, तुम्हाला काय गरज होती त्यांना पाठवायची?" तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले. "माणूस इथे चांगला काम करत होता!"

"माझी आई फळीवरून घसरली," कोणीतरी मागून म्हणालं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, लेखी द्या," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

काटेकोर एक पाऊल पुढे आले. अन्यायाचे इतके थर एकावर एक चढले होते की कुठला आधी उकलावा हेच त्यांना कळेना. सर्वेक्षणवाली मुलगी, संगणकवाला, मामा, खातं, आणि आता हे. "मुद्दा क्रमांक एक," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाजच फुटेना. साठ वर्षांत पहिल्यांदाच काटेकोरांना खरोखर सांगता येईना.

तेव्हा त्यांना बाजूला सारून बायको दारात आली. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले.

"ऐका," ती म्हणाली. "हे काय बोलले ते मला पाठ आहे. सहा महिने दुसरं काही ऐकलं नाहीये मी. नवीन घरात राहायला गेलं की पहिले आठ दिवस आपण अंधारात दिव्याचं बटण शोधत भिंत चाचपतो की नाही? हे मामांना म्हणाले, तुम्ही जा, पण आधी तिथे पाहुण्यासारखं राहा, भिंती ओळखीच्या करून घ्या, मग मालक व्हा. आणि निघताना इथली किल्ली कोणाच्या तरी हातात द्या. मामा सरळ मालक व्हायला गेले आणि इथली किल्ली खिशात घालून गेले. म्हणून रस्ता खणलेला आहे. यात ह्यांचं काय चुकलं ते सांगा, आणि नसेल सांगायचं तर चपला खाली ठेवा, माझ्या दारात चिखल गळतोय."

 एकेक करून चपला खाली आल्या. फळीवरून घसरलेल्या आईचा मुलगा म्हणाला, "हे बरोबर आहे की."

"एवढं सोपं होतं," विमावाले काटेकोरांकडे वळून म्हणाले, "तर साहेब, तुम्ही हे आधीच का नाही बोललात?"

काटेकोरांनी आ वासला. त्यातून शब्द बाहेर पडायच्या आत बायकोने त्यांना दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावलं.

 काटेकोर टेबलाशी गेले, त्यांनी कोरा कागद घेतला आणि वर्तमानपत्राच्या संपादकांना पत्र लिहायला लागले. लिहिता लिहिता थांबले.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून विचारलं, "ते बटणाचं आणि किल्लीचं मी कुठे म्हटलं होतं?"

"तुम्ही नव्हतं म्हटलं. तुमच्या मुद्द्यांचा मला तसा अर्थ लागला."

काटेकोरांनी विचार केला. तेवीस मुद्दे डोळ्यांपुढून एकेक गेले. ती तीन-चार वाक्यं एका पारड्यात आणि आपली चाळीस मिनिटं दुसऱ्यात घालून त्यांनी प्रामाणिकपणे तोलून पाहिली. मग त्यांनी पत्रात तिची वाक्यं जशीच्या तशी उतरवली.

"ही वाक्यं माझी नाहीत," ते जाहीर केल्यासारखे म्हणाले. "दुसऱ्याचं बोलणं आपल्या नावावर खपवणारे या राज्यात पुष्कळ झालेत. खाली तुझं नाव घालतो."

"काहीतरीच काय. नको हं," आतून आवाज आला.

काटेकोर लिहीत राहिले. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज थांबला.

"अहो, घालणारच असाल तर पूर्ण नाव घाला."